डोळ्याचं नाव, कातडीचं काम

मराठीत अंगावरच्या आवरणाला शब्दांचा तोटा नाही. त्वचा डॉक्टरांच्या पाटीवर, चामडी सोलण्याच्या धमकीत आणि कातडी बचावण्यापुरती. कातडीतली ‘कात’ संस्कृत ‘कृत्ति’वरून आली, चर्म नेसणारा शंकर म्हणून तर कृत्तिवास. साप कात एकदम टाकतो, आपण रोज थोडी थोडी. तळच्या थरात जन्मलेली पेशी साधारण महिनाभरात केराटीन भरून घेत वर सरकते, मरते आणि गळून पडते. केराटीन हे नाव ग्रीक ‘केरास’चं, म्हणजे शिंगाचं, आपल्या ‘शृंगा’चं ते दूरचं भावंड.

पेशीनं कातडी व्हायचं की आणखी काही, हे ठरवतात ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं. पाठ्यपुस्तकी मराठीत त्यांना ‘प्रतिलेखन घटक’ म्हणतात. ‘घटक’ जरा मिळमिळीत वाटतो. कचेरीत नक्कल काढणारा कारकून वेगळा आणि ‘या पानाची काढ’ म्हणून फर्मावणारा अंमलदार वेगळा. कोणत्या जनुकाची नक्कल काढायची ते फर्मावणारे हे अंमलदार आहेत. गंमत अशी, की कातडीवर हुकूम चालवणाऱ्या या मंडळींपैकी बहुतेकांची नावं कातडीची नाहीतच.

पी-६३ घ्या. हा नसलेले उंदीर कातडीचे थर न बनताच जन्मतात, हे १९९९ साली दिसलं. नाव मात्र निव्वळ वजनाचं, थोरल्या पी-५३च्या चालीवर ठेवलेलं. त्या थोरल्याचं वजनही चुकलेलंच: प्रथिनांचं वजन जोखायच्या जेलमध्ये तो रेंगाळतो म्हणून ५३ हजार डाल्टन वाटला, भरतो ४४ हजारांच्या आसपास. उन्हामुळे होणाऱ्या कातडीच्या कर्करोगांत तो वारंवार बिघडलेला सापडतो.

जीएलआय हे नाव ग्लायोमाचं. मेंदूतल्या या गाठीत तो १९८७ साली सापडला. गोऱ्या लोकांत सर्वाधिक आढळणाऱ्या बेसल सेल कार्सिनोमा या कातडीच्या कर्करोगामागे मात्र हाच अतिउत्साही जीएलआय असतो. त्याला चेतवणाऱ्या साखळीचं नाव हेजहॉग, कारण त्या जनुकात बिघाड झालेली फळमाशीची अळी काट्यांनी भरलेली दिसते.

सगळ्यांत मासलेवाईक एमआयटीएफ. यातला ‘एमआय’ मायक्रोफ्थॅल्मिया, म्हणजे बारीक डोळे. पाउला हर्टविग यांनी १९४२ साली क्ष-किरण दिलेल्या उंदरांच्या वंशातले पांढरे, बारीक डोळ्यांचे उंदीर नोंदवले. पुढे कळलं, की रंगपेशी घडवणारा मुख्य अंमलदारच त्यांच्यात नासला होता. याच रंगपेशींच्या कर्करोगाला मेलानोमा म्हणतात.

मेलानोमा ग्रीक ‘मेलास’वरून, म्हणजे काळा. पण काही मेलानोमांना रंगच नसतो, आणि डॉक्टर त्यांना चक्क ‘ॲमेलॅनोटिक मेलानोमा’ म्हणतात: काळी नसलेली काळी गाठ! ती ओळखायला पॅथॉलॉजिस्ट ज्या प्रथिनांवर रंग चढवून पाहतात, त्यांत एमआयटीएफ असतो आणि सॉक्स-१०ही. सॉक्सचा पायमोज्याशी काही संबंध नाही; वाय गुणसूत्रावर पुरुषत्व ठरवणारा एसआरवाय १९९०मध्ये सापडला, त्याच्या नातलगांचं हे कूळनाम. सॉक्स-१० स्वतः राहतो २२व्या गुणसूत्रावर. त्यामुळे बाईच्या पोटरीवरच्या गाठीतही तो तितकाच ठसठशीत उमटतो.