पानिपतचा स्मृतिदिन : तिथी, स्थळ आणि स्मरणकर्ते

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाची आठवण मराठी माणसाने शतकानुशतके सभेत नव्हे, भाषेत जपली. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता धुव्वा उडणे. ‘विश्वास तर पानिपतात गेला’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पेशव्यांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असतोच असे नाही. पण शब्द त्याला विसरलेला नाही. अशा पराभवाच्या स्मृतीला अलीकडच्या काळात उत्सवाचे रूप आले आहे. दरवर्षी १४ जानेवारीला हरियाणातील पानिपतजवळच्या ‘काला अंब’ या ठिकाणी स्थानिक लोक आणि महाराष्ट्रातून गेलेले लोक एकत्र येतात व तो दिवस ‘शौर्य दिन’ म्हणून पाळतात. साहित्याचा अभ्यासक या नात्याने प्रस्तुत लेखकास हा सोहळा एखाद्या नव्या बखरीसारखा वाटतो. बखरीकडे जसे पाहावे तसेच त्याच्याकडेही पाहिले पाहिजे : कोण सांगतो आहे, कोणासाठी, आणि कोणाला वगळून?

प्रथम तिथीचा विचार करू. लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली आणि म्हणून मराठ्यांवर ‘संक्रांत कोसळली’, असे स्मृतिदिनाच्या भाषणांतून हमखास सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, १४ जानेवारी १७६१ हा बुधवार पौष शुद्ध अष्टमीचा होता आणि त्या वर्षीची संक्रांत चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती. निरयन गणनेमुळे संक्रांतीची इंग्रजी तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. विसाव्या शतकात संक्रांत १४ तारखेला स्थिरावल्यासारखी झाली आणि दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या. संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर घाला पडला हे खरे; पण तो वर्षभर आधी, १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीजवळ यमुनेकाठी बुराडी घाटावर. तेथे दत्ताजी शिंदे पडले. पानिपतच्या दिवसाने दत्ताजींची संक्रांत आपल्या नावावर करून घेतली, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्थळाविषयी थोडक्यात. काला अंब हे पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. रक्ताने जमीन भिजली, त्यामुळे तेथील आंब्याचा रंग काळा पडला, अशी लोकसमजूत. ते झाड पुढे वाळले. त्याच्या लाकडाचे दरवाजे करण्यात आले व ते पानिपतच्या संग्रहालयात दाखविले जातात. आज तेथे कुंपणातला एक स्तंभ आहे आणि भोवती राखलेली बाग. झाड नाही, तरी नाव झाडाचेच राहिले.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या सोहळ्याला गर्दी होते ती मुख्यत्वे पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल या भागांतील रोड समाजाची. युद्धातून वाचलेले मराठे या मुलखात दडून राहिले आणि त्यांचेच वंशज म्हणजे रोड, अशी मांडणी गेल्या काही दशकांत पुढे आली. कोल्हापूरचे डॉ. वसंतराव मोरे यांनी तिला ग्रंथरूप दिले. आडनावांचे साम्य, घरगुती बोलीतील काही शब्द, चालीरीती यांचा आधार त्यासाठी घेतला जातो. दुसऱ्या बाजूला, १८८१च्या जनगणनेवर आधारलेल्या आपल्या ग्रंथात डेन्झिल इबेट्सन याने रोडांनीच सांगितलेली उत्पत्तिकथा नोंदविली आहे. ती राजपूत मूळ आणि झज्जरजवळचे बादली गाव सांगणारी आहे. इबेट्सनने कर्नाल-पानिपत भागात जमाबंदीचे काम केले होते, म्हणून ही नोंद सहज बाजूला सारता येत नाही. मात्र दडून राहिलेली माणसे सरकारी साहेबापुढे आपले मूळ कशाला सांगतील, हाही प्रतिवाद ऐकू येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. काला अंबला भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले होते, “आपके यहाँ हमें याद करते हैं?” वंशावळीचा निकाल काहीही लागो, त्या प्रश्नाला उत्तर देणे आपले काम होते. मला ते चटकन देता आले नाही.

स्मरण एकाचे झाले की दुसऱ्याचे राहते. युद्धानंतर जीव वाचवून आलेल्या हजारो माणसांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने अन्न, वस्त्र व आश्रय दिला. युद्धापूर्वी भाऊसाहेबांशी मतभेद होऊन तो बाजूला झाला होता, हे लक्षात घेता त्याच्या या वर्तनाचे मोल अधिकच वाढते. तरीही मराठी स्मृतीत तो ‘ऐन वेळी सोडून गेलेला’ म्हणून अधिक आठवला जातो. डिसेंबर २०१९मध्ये ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा सूरजमलच्या चित्रणावरून राजस्थानात तीव्र निदर्शने झाली आणि निर्मात्यांना काही भाग कापावा लागला. ज्या मुलखात आपण स्मृतिदिन साजरा करतो, तेथील लोकांचीही या युद्धाची स्वतःची आठवण आहे, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच कळले.

‘शौर्य’ हा शब्दही तपासला पाहिजे. भाऊसाहेबांची बखर किंवा रघुनाथ यादवाची बखर वाचताना शौर्याइतकाच शोक भेटतो; उपासमार, सैन्यातील बुणगे, बायकामुले, हरवलेली माणसे भेटतात. नाना फडणिसांच्या आत्मवृत्तात तर रणांगणापेक्षा पळणाऱ्या माणसाची भीती अधिक ठळक आहे. त्यांची आई त्या धामधुमीत कायमची दुरावली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ युद्धाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९६१मध्ये, मराठीत आला, तोही कारणांची चिकित्सा करतो, जयघोष नव्हे. व्यासपीठावर मात्र केवळ तलवारी तळपतात. बुणग्यांसाठी, बाजारकरूंसाठी, तीर्थयात्रेच्या ओढीने सैन्याबरोबर निघालेल्यांसाठी त्या दिवशी एखादा शब्दही उच्चारला जात नाही, ही मला या सोहळ्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

हे सारे आता सांगण्याचे कारण आहे. १४ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री काला अंबच्या कार्यक्रमास उपस्थित होते आणि त्याच वर्षीच्या राज्य अर्थसंकल्पात पानिपत येथे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. भाषण विरून जाते. दगडावर कोरलेले राहते. तेव्हा त्या भिंतीवर काय लिहिले जाईल, याकडे मराठीच्या अभ्यासकांनी आतापासून लक्ष द्यावे. इब्राहिमखान गारद्याचे नाव तेथे असावे. सूरजमलचे असावे. रोडांची परंपरा ‘परंपरा’ म्हणून, इबेट्सनची नोंद ‘नोंद’ म्हणून शेजारी शेजारी द्यावी. आणि काशीराजाचे नाव असावे. हा मराठी पंडित शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे शत्रूच्या छावणीत होता. युद्धाचा वृत्तान्त त्याने फारसीत लिहिला, आणि शुजाच्या अनुमतीने मृतांच्या अंत्यसंस्कारांसाठी ज्यांनी धडपड केली त्यांत तोही होता. त्याला कोणत्या बाजूच्या यादीत घालायचे, हे मात्र स्मारक-समितीला आधी ठरवावे लागेल.