झेंडूच्या मुळाशी

वांग्याचे किंवा टोमॅटोचे खुरटलेले रोप उपटले असता पुष्कळदा त्याच्या मुळांवर गाठी आढळतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींचे ते बिऱ्हाड होय. या कृमींवर एका फुलझाडाचा उतारा कसा सापडला, त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

इंग्लंडमध्ये काकडीच्या मुळांवरील गाठींत हे कृमी असल्याचे १८५५ साली प्रथम नोंदविले ते माइल्स जोसेफ बर्कली यांनी. हे गृहस्थ खेड्यात सेवा करणारे अँग्लिकन धर्मगुरू होते. बटाट्याचा करपा बुरशीमुळे होतो, हे १८४६ साली ठामपणे मांडणारेही तेच.

झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तेथे २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी कबरी आजही त्याच फुलांनी सजतात. गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची पिल्ले झेंडूच्या मुळांत शिरतात, परंतु तेथे वाढत नाहीत, असे अमेरिकेतील संशोधक जी. स्टायनर यांनी १९४१ साली नोंदविले. पुढे १९५६ साली हॉलंडमधून वृत्त आले की, झेंडूनंतर त्याच जमिनीत लावलेल्या नार्सिससच्या मुळांची कूज कमी होते. तेथे उपद्रव दुसऱ्या जातीच्या सूत्रकृमींचा होता. १९५८ साली उलेनब्रोक व बायलो यांनी झेंडूच्या मुळांतील कृमिनाशक द्रव्य ओळखले. ते म्हणजे अल्फा-टरथिएनिल. हेच द्रव्य १९४७ साली पाकळ्यांतून वेगळे काढण्यात आले होते. परंतु त्याचा हा गुण तेव्हा उमगला नव्हता.

तो काळ मात्र रासायनिक औषधांचा होता. जमिनीत डीबीसीपी सोडले की काम झटपट होई. त्याची किंमत १९७७ साली कळली. कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात ते तयार करणाऱ्या पुरुष कामगारांत वंध्यत्व आढळले. १९७९ साली अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर थांबविण्यात आला.

झेंडूचा मार्ग संथ आहे. वाफ्याच्या कडेला चार रोपे लावून फारसे साधत नाही. कारण प्रभाव जिवंत मुळांच्या आसपासच पडतो. भाजीपूर्वी निदान दोन महिने त्या जमिनीत दाट, सलग झेंडू हवा. झेंडूचा प्रत्येक वाण प्रत्येक सूत्रकृमीवर चालत नाही, आणि गुणही कायम टिकत नाही. काही काळाने लागवड पुन्हा करावी लागते. तेवढे दिवस भाजीच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागते, हे खरे. पण ही किंमत शेतकरी आधीच जाणतो आणि स्वतःच मोजतो. डीबीसीपीची किंमत त्या कामगारांनी नकळत मोजली.