कल्याणच्या 32 तबकड्या

टेंभी नाक्यावरून रात्री वर पाहिले तर दिव्यांच्या झगमगाटात मोजकेच तारे दिसतात. त्यामुळे वेधशाळा म्हणजे दूरच्या डोंगरमाथ्यावरचा घुमट, अशी समजूत ठाणेकरांची झाली तर नवल नाही. पण टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण 1965 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, कल्याणजवळ उभी राहिली. आकाशातून येणारे कोणते किरण टिपायचे, त्यावर वेधशाळेची जागा ठरते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशासाठी काळोख आणि निरभ्र हवा लागते. म्हणून पुण्याच्या आयुका या संस्थेची 2 मीटरची दुर्बीण गिरवलीच्या डोंगरावर आहे. अवकाशातले क्ष-किरण वातावरणातच अडतात, त्यामुळे 2015 साली ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह अंतराळात पाठवावा लागला. रेडिओलहरींना मात्र ढगांची वा दिवसाच्या उजेडाची फारशी आडकाठी नसते.

कल्याणच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे त्यांवर काम केलेल्या गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांमुळे त्या भारताला भेट मिळाल्या. अमेरिकेतून 1963 साली परतून ते होमी भाभांच्या टाटा संस्थेत रुजू झाले आणि त्या 32 तबकड्या कामी लागल्या. प्रत्येकीचा व्यास जेमतेम 1.8 मीटर. सुमारे 49 सेंटिमीटर तरंगलांबीवर एवढ्या एकट्या तबकडीला सूर्याची कड वेगळी काढता येत नाही; तिच्या नजरेचा झोतच सूर्यबिंबाच्या कितीतरी पट रुंद असतो. म्हणून 24 तबकड्या पूर्व-पश्चिम 630 मीटरांवर आणि 8 दक्षिणोत्तर 256 मीटरांवर मांडून त्यांचे संकेत एकत्र केले. मग बिंबाचे भाग वेगळे ओळखता येऊ लागले आणि शांत सूर्याच्या प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे मोजता आले.

जुन्या, भेट मिळालेल्या साहित्यावर तीनेक वर्षे चाललेल्या या प्रयोगाला एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. त्यापुढे मुंबईतली कुलाब्याची वेधशाळा 1826 पासूनची, हेही खरे. पण विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तिथली चुंबकीय निरीक्षणे 1904 साली अलिबागला हलवावी लागली. शहराच्या सावलीत वेधशाळा फार काळ टिकत नाही, हा आक्षेप कल्याणलाही लागू पडतो. तरी वेधशाळेचे मोल तिच्या आयुष्यावरून ठरवणे मला पटत नाही. कल्याणला तरुण शास्त्रज्ञांचा गट तयार झाला. त्यातले विजय कपाही पुढे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली 1970 मध्ये उटीची 530 मीटर लांबीची दुर्बीण आणि नंतर नारायणगावजवळ खोडदची, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी झाली. विखुरलेल्या अँटेना जोडून एक मोठी दुर्बीण करण्याचे तंत्र कल्याण आणि खोडद दोन्हीकडे तेच, फक्त आकार अफाट वाढला. अंतराळ दुर्बिणींच्या काळातही अशी दुर्बीण जमिनीवरच परवडते, कारण खोडदसारखा 25 किलोमीटरचा पसारा कोणत्याही रॉकेटवर चढत नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते. ठाणे-कल्याणच्या शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावे आणि कल्याणच्या तबकड्यांची हकिकत वाटेतच सांगावी.