प्रशियाचा राजा आणि वूस्टरचा नांगर

राज्याभिषेक झाला की राजाच्या चेहऱ्याचे मग बाजारात येतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. या मगांचं कूळ शोधताना मी इंग्लंडमधल्या वूस्टर गावच्या एका चिनी मातीच्या मगापाशी येऊन थबकलो. त्यावर साल आहे १७५७, आणि चेहरा आहे प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकचा. इंग्लंडचा मग, पण राजा परका!

राजांची चित्रं भांड्यांवर त्याआधीही येत होती. सतराव्या शतकातल्या इंग्लिश थाळ्यांवर दुसरा चार्ल्स आहे, विल्यम आणि मेरी आहेत. पण ते हाताने झपाट्याने रंगवलेले. झगा आणि मुकुट तसाच ठेवून बाजूची आद्याक्षरं बदलली की एका राजाचा दुसरा राजा होई. माणूस ओळखू येऊ लागला तो कोरीव ठशामुळे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रेषांत घट्ट काळी शाई भरायची, पातळ कागदावर ठसा घ्यायचा आणि शाई ओली असतानाच तो कागद झिलई दिलेल्या भांड्यावर दाबून बसवायचा. मग बेताच्या आचेवर भाजलं की चित्र पक्कं. यात एक गंमत आहे. पुस्तकासाठी कोरताना अक्षरं उलटी कोरावी लागतात. इथे ठसा पत्र्यावरून कागदावर आणि कागदावरून भांड्यावर असा दोनदा उलटतो, म्हणून कोरणारा ती सरळच कोरतो.

या युक्तीसाठी जॉन ब्रुक्सने १७५१ मध्ये बर्मिंगहॅमहून पेटंटचा अर्ज केला होता. लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांनी १७५६ मध्ये सहा तासांत १,२०० फरश्या छापल्याचं शपथेवर सांगितलं. वूस्टरने तिला राजा मिळवून दिला.

पण प्रशियाचाच का? इंग्लंडच्या गादीवरचा दुसरा जॉर्ज हा फ्रेडरिकचा सख्खा मामा. मामाला सोडून भाच्याला मगावर घ्यायचं कारण १७५७ सालच्या बातम्यांत आहे. मिनोर्का बेट गमावल्याबद्दल मार्चमध्ये ॲडमिरल बिंगला गोळ्या घालण्यात आल्या. सप्टेंबरात जॉर्जच्या मुलाने, ड्यूक ऑफ कंबरलंडने, क्लोस्टरझेवेन इथे नामुष्कीचा करार केला. युरोपात मिरवावा असा विजय इंग्लंडकडे नव्हताच. दोस्त असलेल्या भाच्याने मात्र नोव्हेंबरात रॉसबाख आणि डिसेंबरात लॉयथेन मारलं. मगावर शस्त्रांचा ढीग आहे, कर्णा फुंकणारी पंखवाली कीर्तिदेवता आहे आणि निशाणांवर लढायांची नावं आहेत. त्यांत ‘लिसा’ म्हणजे लॉयथेन. आणि ‘कॉलिन’सुद्धा आहे! कोलिनला जूनमध्ये फ्रेडरिकने सपाटून मार खाल्ला होता. विजयाची भूक एवढी होती की पराभवही यादीत जाऊन बसला.

लॉयथेनची लढाई ५ डिसेंबरची. बातमी वूस्टरला पोचून, पत्रा कोरून, मग भाजून साल संपायच्या आत विकायला ठेवणं मला अशक्यप्राय वाटतं. माझं मत असं, की १७५७ हे मूळ पत्र्याचं साल. पुढच्या लढायांची नावं नंतर भरली आणि साल कोणी बदललं नाही.

खरा वाद आहे खालच्या सहीचा. तिथे ‘आर एच’ ही जोडाक्षरी खूण, वूस्टरचं नाव आणि शेजारी एक बारीकसा नांगर. कार्लाइलने फ्रेडरिकच्या चरित्रात आपल्या घरच्या अशाच मगाचं मोठ्या प्रेमाने वर्णन केलं, पण त्याने अक्षरं ‘आर आय’ वाचली. ते वाचन टिकत नाही. उरतात दोन दावेदार: कोरणारा रॉबर्ट हॅनकॉक आणि कारखान्याचा भागीदार रिचर्ड होल्डशिप. आद्याक्षरं दोघांचीही तीच! होल्डशिपवाल्यांचा हुकमी पत्ता म्हणजे तो नांगर. ‘होल्ड’ म्हणजे धरणं, ‘शिप’ म्हणजे जहाज. जहाजाला धरून ठेवतो तो नांगर. तेव्हा अक्षरंही त्याचीच, असं ते म्हणतात.

नांगर होल्डशिपचा हे मला मान्य आहे. १७६४ मध्ये त्याने छपाईची विद्या डर्बीच्या कारखान्याला विकली, आणि तिथल्या छापील भांड्यांवरही नांगर उमटला. पण अक्षरंही त्याचीच असतील, तर एकाच माणसाने एका इंचात दोनदा सही कशाला करावी? हॅनकॉक दुसऱ्या भांड्यांवर पूर्ण नावाने सही करतो, म्हणजे सही करायची सवय त्याची. माझ्या लेखी अक्षरं कारागिराची आणि नांगर धन्याचा. या मगावर तेव्हाच एक कविता छापून आली होती. ती अर्पण होती दुसऱ्या होल्डशिपला, जोसायाला. लगेच तिला दोन ओळींची पुरवणी जोडली गेली, हॅनकॉकची समजूत घालणारी: काम तुझं, कौतुक त्याचं. श्रेयाचं हे भांडण गावात तेव्हाच माहीत होतं, ते असं.

१७६१ मध्ये तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट वूस्टरच्या भांड्यांवर आले. चेहरे कोरले हॅनकॉकनेच.