गाठ सापडली, पण पुढे काय? कोरियाने शिकवलेला धडा

आजची गोष्ट दक्षिण कोरियाची.

१९९९ मध्ये तिथल्या सरकारने कॅन्सर तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्या यादीत थायरॉईड नव्हता. पण हॉस्पिटलं सुचवायची, आलाच आहात तर थोडे पैसे भरा आणि गळ्याची सोनोग्राफीही करून घ्या. दुखत नाही, वेळ लागत नाही. नको कोण म्हणणार?

मग गाठी सापडायला लागल्या. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. एका वर्षात ४० हजारांहून जास्त रुग्ण! आणि मृत्यू? ते वर्षाला ३००-४००, होते तिथेच.

इथेच खरी गोम आहे. इतके कॅन्सर लवकर पकडले, तर मृत्यू कमी व्हायला हवे होते ना? झाले नाहीत. कारण यातले बरेच कॅन्सर इतके बारीक होते की त्यांनी जन्मभर काही त्रासच दिला नसता. फिनलंडमध्ये १९८५ साली इतर कारणांनी वारलेल्यांचं शवविच्छेदन तपासलं, तेव्हा साधारण तिघांमागे एकाच्या थायरॉईडमध्ये असा छोटा कॅन्सर निघाला होता.

कोरियात मात्र जवळपास प्रत्येकाचं ऑपरेशन झालं. बहुतेकांची अख्खी ग्रंथी काढली, म्हणजे आयुष्यभर रोज गोळी. शंभरातल्या साधारण दोघांच्या स्वरतंतूंना लकवा.

२०१४ मध्ये आठ डॉक्टरांनी जाहीर पत्र लिहिलं : ही सरसकट सोनोग्राफी थांबवा. प्रकरण पेपरांत गाजलं आणि वर्षभरात ऑपरेशनं ३५ टक्क्यांनी घटली.

आता डॉक्टर नुसती गाठ आहे का, एवढंच बघत नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने आणलेल्या ‘टायरॅड्स’ पद्धतीत गाठीला गुण देतात. भरीव आहे की पाण्याची? किती काळपट दिसते? रुंदीपेक्षा उंच आहे का? कडा वेड्यावाकड्या आहेत का? आत पांढरे ठिपके आहेत का? जितके गुण जास्त, तितका संशय जास्त. अगदी संशयास्पद गाठ १ सेंटीमीटरची झाली की सुईची तपासणी, थोडाच संशय असेल तर अडीच सेंटीमीटरपर्यंत थांबता येतं.

म्हणून गाठ हाताला लागली, वाढत असली किंवा आवाज बसला, तर डॉक्टरांकडे जाच. पण चेकअपच्या रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ दिसला म्हणून रात्रभर गूगल करत बसू नका. आधी विचारा, ‘डॉक्टर, याचा टायरॅड्स किती?’

भेटू पुढच्या भागात!