सिंधचे मंघ आणि कॅम्प तीनची शाळा

गेल्या एप्रिलमध्ये उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधल्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो होतो. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. दुपारचे साडेबारा वाजले होते. चार पंखे फिरत होते, पण खाली येत होती ती गरम हवाच. एका बाजूच्या खिडक्यांसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, दुसऱ्या बाजूच्या खिडक्या कपाटांनी झाकलेल्या. मुलं वहीने वारा घेत ऐकत होती. अर्ध्या तासात मीच आवरतं घेतलं.

खाली कार्यालयात वर्गांना एसी बसवण्यासाठी पालकांकडून वर्गणी काढण्याची चर्चा सुरू होती. तिथे बसलेले एक निवृत्त सिंधी शिक्षक मला म्हणाले, “सर, माझ्या आईच्या माहेरी हैदराबादला खोलीखोलीत मंघ होता. पंख्याची गरजच नव्हती.”

हे हैदराबाद दख्खनचं नव्हे, सिंधचं. गुलाम शाह कल्होडा यांनी 1768 मध्ये वसवलेलं. तिथे उन्हाळ्यात दुपारनंतर ठरावीक दिशेने वारा वाहतो. त्या दिशेला तोंड करून छपरावर बांधलेला उभा झरोका म्हणजे मंघ. वरचा वारा पकडून तो खालच्या खोल्यांत सोडायचा. बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी 1964 मध्ये न्यू यॉर्कला भरवलेल्या प्रदर्शनात या शहराची छायाचित्रं होती. छपरांवर मंघांची नुसती गर्दी! इराणात यालाच बादगीर म्हणतात, इजिप्तमध्ये मल्कफ. हसन फतहींसारख्या इजिप्शियन वास्तुविशारदाने विसाव्या शतकात हीच विद्या गरिबांच्या घरांसाठी पुन्हा वापरात आणली. सिंधमध्ये मंघ हिंदूच्या घरावर होता, तसाच मुसलमानाच्याही. वाऱ्याला धर्म विचारायची पद्धत नव्हती.

मग फाळणी झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कल्याणजवळ पाच छावण्या उभारल्या होत्या. तिथल्या रिकाम्या बराकींत जवळपास एक लाख सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. छावण्यांचे आकडे मात्र पत्त्यात कायमचे राहिले.

त्या शिक्षकांची पहिली शाळा अशाच एका बराकीत भरायची. बैठी, लांबलचक, उतरत्या छपराची आणि समोरासमोर खिडक्या असलेली. “पाऊस आत यायचा, पण वाराही यायचा,” ते सांगत होते. या बराकी काही मुलांसाठी बांधलेल्या नव्हत्या. तरीही हवा एकीकडून आत येऊन दुसरीकडून बाहेर जाईल, एवढा विचार त्यांत होता.

पुढे लोकवस्ती वाढली, जागा महागली आणि बराकींच्या जागी मजले चढले. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपर्यंत ते खालच्या खोलीत सोडत राहतो. अशा खोलीत एसी लावणं म्हणजे चूल पेटती ठेवून दारात बर्फ ठेवण्यासारखं आहे. एसीची गरम हवा गल्लीत जाते, गल्ली आणखी तापते आणि वीजबिल शाळेच्या माथी येतं.

त्यामुळे सुरुवात छपरापासून व्हायला हवी. गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग दिला, तर खालची खोली काही अंशांनी थंड राहते. अहमदाबादने 2017 पासून गरीब वस्त्यांत हा प्रयोग केला आहे. दुसरं काम खिडक्यांचं. कपाटं हलवायची, आणि भिंतीत वरच्या अंगाला झरोके ठेवायचे, म्हणजे तापून वर चढलेली हवा बाहेर पडेल. तिसरं पंख्यांचं. जुना पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दहा वर्गांत चाळीस पंखे सहा तास चालले, तर जुन्यांना रोज 18 युनिट लागतात, नव्यांना सातच्या थोडे वर.

सौर पॅनेलही लावता येतील. त्यांची सावली स्लॅबवर पडते, हा आणखी एक फायदा. पण आधी इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट हवं. मे 2021 मध्ये याच शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. तापलेल्या छतापेक्षा कमकुवत छत केव्हाही वाईट.

हैदराबादचा मंघ उचलून कॅम्प तीनमध्ये बसवता येणार नाही, हे मलाही कळतं. इथली हवा दमट, पाऊस धो धो आणि इमारती एकमेकींना खेटलेल्या. पण मंघामागचा विचार इथेही लागू पडतो. आधी वारा कुठून येतो ते पाहायचं, मग भिंत बांधायची.

फाळणीत या लोकांची घरं गेली, जमिनी गेल्या. त्यांच्या घरातलं हे शहाणपण मात्र पंचाहत्तर वर्षांनंतरही एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या आठवणीत टिकून आहे. एसीची वर्गणी काढण्याआधी शाळेने त्यांना एकदा गच्चीवर न्यावं, एवढंच मी निघताना सांगून आलो.