आजी नॉर्वेची, शाळा इंग्रजांची

लेकीला रात्री गोष्ट वाचून दाखवायचं खातं आमच्या घरी माझ्याकडे आहे. सध्या रोआल्ड डालचं 'द विचेस' (१९८३) चालू आहे. (डाळ नव्हे, डाल. हा विनोद घरात करून झाला, कोणी हसलं नाही.) त्यात इंग्लंडात वाढणाऱ्या एका मुलाचे आईवडील नॉर्वेत मोटार अपघातात जातात. आजी पक्की नॉर्वेजियन, तिला आपल्या देशातच राहायचंय. पण वडिलांच्या मृत्युपत्रात असतं की मुलानं इंग्लंडातच शिकावं. झालं, आजी सामान बांधते. चेटकिणींची खरी धमाल त्यानंतरची. मी मात्र मृत्युपत्रापाशीच अडखळलो, कारण डालच्या घरात जवळजवळ असंच घडलं होतं.

वडील हाराल्ड नॉर्वेतून येऊन वेल्समधल्या कार्डिफला स्थायिक झाले. कार्डिफ तेव्हा कोळशाचं बंदर. नॉर्वेची जहाजं खाणींत टेकू द्यायला लाकूड आणायची आणि कोळसा भरून परत जायची. जहाजांना लागेल तो माल पुरवायच्या धंद्यात हाराल्डनी भागीदारीत चांगला पैसा केला, तोही एका हातावर! डावा हात लहानपणी एका डॉक्टरच्या चुकीनं गेला होता. रोआल्डचा जन्म १९१६ चा. नाव दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या आमुंडसेनवरून, बाप्तिस्मा बंदरावरच्या नॉर्वेजियन चर्चमध्ये, आणि घरात बोलणं नॉर्वेजियनमध्ये.

१९२० साली सात वर्षांची बहीण आस्त्री अपेंडिक्सनं गेली आणि काही आठवड्यांतच वडील न्यूमोनियानं. रोआल्ड तीन वर्षांचा. आई सोफी परक्या देशात, पदरात सावत्र धरून पाच मुलं आणि सहावं पोटात. कोणीही गाशा गुंडाळून माहेर गाठलं असतं. पण इंग्रजी शाळांसारख्या शाळा जगात नाहीत, असं हाराल्डचं ठाम मत होतं. नवऱ्याच्या त्या इच्छेखातर ती राहिली.

आणि त्या शाळा कशा? नऊ वर्षांचा रोआल्ड समुद्राच्या पलीकडे, वेस्टन-सुपर-मेअरच्या वसतिगृहात. छडी नेहमीचीच. रात्री घर ज्या दिशेला, तिकडे तोंड करून तो झोपायचा. पुढे रेप्टनच्या शाळेत कॅडबरीकडून नवी चॉकलेटं चाखून मत द्यायला यायची आणि त्यातून १९६४ चा चार्ली जन्मला, हे सगळेच सांगतात. मीही पार्ट्यांमध्ये सांगितलंय. पण मला जास्त खिळवतात ती पत्रं. १९२५ पासून तो आईला दर आठवड्याला लिहायचा, मुख्याध्यापकांच्या नजरेखाली. म्हणजे तक्रारीला जागा नाही! ती सगळी तक्रार त्यानं साठेक वर्षं जपून ठेवली आणि १९८८ मध्ये 'मटिल्डा'तल्या मुख्याध्यापिकेच्या अंगावर ओतली, असं आपलं माझं मत. (शाळेच्या आठवणी त्यानंच 'बॉय'मध्ये लिहिल्यात. गोष्टीवेल्हाळ माणसाच्या आठवणी, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चालावं.)

आईनं मात्र ती सगळी पत्रं सांभाळून ठेवली होती. १९६७ मध्ये ती गेल्यावर त्याला ते कळलं. ट्रोल आणि नॉर्वेतल्या भुताखेतांच्या गोष्टी तिनंच सांगितलेल्या, आणि दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन नॉर्वेला जायचं तिनं चुकवलं नाही. त्याच्या पुस्तकांत मोठी माणसं बहुतेक दुष्ट नाहीतर बावळट असतात. 'द विचेस'मधली सिगार ओढणारी आजी तेवढी वेगळी. चेटकीण ओळखायची कशी, हे तिला ठाऊक असतं.

"मुलांच्या शिक्षणासाठी थांबलोय" हे वाक्य आमच्या मराठी मंडळाच्या कुठल्याही गणपतीत पाच मिनिटांत ऐकू येतं. मीही म्हणतो. ते वाक्य आता जरा टोचतं.

काल लेकीनं विचारलं, "बाबा, ही आजी त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलते?" पुस्तकात उत्तर आहे: कधी नॉर्वेजियन, कधी इंग्रजी, दोघांना दोन्ही सारख्याच येतात. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आजीला फोन लाव ना."

पुण्यात तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.